धिरड्याची पाणसळ

खरड छाटणी उरकली की आमचा मळा ओळखू येत नाही. कालपरवापर्यंत पानांनी झाकलेला द्राक्षांचा मांडव एकदम उघडा पडतो, तारा दिसायला लागतात आणि तारांच्या पलीकडे कुकडीच्या काठची बाभळीची रांग. चैत्राचं ऊन मग कुणाला जुमानत नाही. बराकीतून कांद्याचा वास येतो, अंगणभर कडुनिंबाचा मोहोर सांडलेला असतो. हे दिवस आले की मी गाडी लावताना उगाच चारदा पुढेमागे करते. जागा सपाट आहे ना, हे बघते. आमचे हे दरवर्षी विचारतात, "गाडी लावतेस की अंडी मांडतेस?" विचारू देत. कारण त्यांना पक्कं ठाऊक आहे.

यंदा त्यात आमच्या चिरंजीवांची भर पडली. तो पुण्यात नोकरीला आहे आणि सुट्टीत गाडीतच राहायचं, गाडीतच रांधायचं, असं नवं वेड त्यानं घेतलंय. "आई, कॅम्परसाठी फ्रीज बघतोय," म्हणाला. कॅम्पर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लग्नातला पाण्याचा निळा जार येतो. त्यानं मोबाईलवर चित्रं दाखवली, किती लिटर, किती वॅट, कुठली बॅटरी, सगळं घडाघडा सांगितलं. मी एकच विचारलं, "गाडी सपाट जागी लावावी लागते का रे?" तो हसला. "नाही गं. आता तसलं काही नसतं. कशीही लाव." ऐकून मला का कोण जाणे, जरा वाईटच वाटलं.

ही गोष्ट तेव्हाची, लग्न होऊन बोरी बुद्रुकला येऊन मला वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर लोणीचं, आंबेगावच्या पूर्वेकडचं, जिथे विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटतात. इथे बारमाही पाणी, द्राक्षं, आणि घरात फ्रीज. नवलाईनं मी पहिल्याच दिवशी फ्रीजचं दार उघडलं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "सुनबाई, दार नगं उघडू!" आत दोनच गोष्टी महत्त्वाच्या होत्या, एका स्टीलच्या डबीत ठेवलेल्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ सुई. वीज दिवसाचे आठ-आठ तास जायची, म्हणून उरलेला गारवा जपण्यासाठी दार दिवसातून दोनदाच उघडायचं, असा घरचा कायदा. फ्रीज असूनही त्या घरात गार पाणी माठातलंच होतं.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, हे औषध फ्रीजबाहेर ठेवायचं नाही. आत्याबाईंनी ते देवाच्या शब्दासारखं धरलं. तरी एकदा त्या भाचीच्या लग्नाला माहेरी मुक्कामाला गेल्या होत्या. भावाच्या फ्रीजमध्ये बाटली ठेवली. कुणीतरी श्रीखंडाच्या पातेल्याला जागा करायला ती वरच्या बर्फाच्या कप्प्यात सरकवली. बाटली गोठली, पुन्हा वितळली, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आत्याबाईंनी तेच घेतलं. हळदीपासून लग्नापर्यंत साखर इतकी चढली की अक्षता पडल्या तेव्हा आत्याबाई दवाखान्यात होत्या. त्यानंतर परक्या फ्रीजवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. कुठेही जायचं तर सकाळच्या सुईनंतर, आणि संध्याकाळच्या सुईआधी घरी.

मी आल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात आम्ही दोघी गच्चीवर कुरडया घालत होतो. सोऱ्या फिरवता फिरवता त्या सहज म्हणाल्या, "सहा वर्सं झाली बघ. माझं रोज उजाडतंय ते ह्याच अंगनात. एकदा तरी दुसरीकडं उजाडावं."

तक्रारीचा सूर नव्हता. कुरडई वळावी तसं वाक्य वळलं आणि संपलं. पण खाली ओसरीवर मामंजी बसले होते. मामंजी म्हणजे सासरे. या माणसानं पंधरा-वीस वर्षं टेम्पो चालवून मुंबईला टोमॅटो पोचवला होता. त्यांचं निम्मं आयुष्य दुसरीकडे उजाडण्यात गेलं. कधी वाशीच्या बाजारात, कधी घाटात पंक्चर काढताना. त्यांनी मान वर केली आणि ते उठून अंगणातल्या टेम्पोकडे गेले. टेम्पो बंद बॉडीचा, म्हातारा, माल वाहण्यातून निवृत्त झालेला. मामंजी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि मला म्हणाले, "सुनबाई, तू कॉलेजात फिजिक्स शिकलीस न्हवं? गाडीत फ्रीज बसतोय का, सांग मला."

सासरे असं काही विचारतात तेव्हा "बसतो" म्हणायचं असतं. मी म्हणाले.

पुढचा महिनाभर आम्ही दोघं त्या एकाच गोष्टीच्या मागे होतो. टेम्पोत फळ्यांचा पलंग झाला, शेगडीचा ओटा झाला, खिडकीला माझ्या जुन्या साडीचा पडदा लागला. गावात लोक थांबून विचारायचे, "राव, एवढं घर आसताना बिऱ्हाड चाकावर कशाला?" मामंजी म्हणायचे, "हौस." फ्रीज मात्र कुठे जमेना. घरच्यासारखा छोटा फ्रीज इन्व्हर्टरवर लावून पाहिला. इलेक्ट्रिशियननं आधीच सांगितलं होतं, फ्रीजची मोटर सुरू होताना हिसका मारते, बॅटरी आडवी होईल. तशी ती झाली, दुपारचा चहा व्हायच्या आत. मग बर्फ. आठवडे बाजारातल्या मासळीवाल्याकडून थर्माकोलची पेटी आणली, तीनदा धुतली, लिंबू चोळलं, आत बर्फ भरला. संध्याकाळी पेटीत पाणी, पाण्यात बाटली आणि बाटलीवरची चिठ्ठी सुटून वेगळी तरंगतेय. आत्याबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी पेटीत नाक घातलं आणि मागे सरल्या. "सुईला बोंबलाचा वास यील," म्हणाल्या. विषय संपला.

शेवटी पुण्याच्या जुन्या बाजारात मामंजींना तो सापडला. कमरेएवढा, पांढरा, दाराला गंजाची नक्षी, कुठल्यातरी परदेशी माणसाच्या गाडीतून उतरलेला. त्याला कळ होती तीन घरांची. एक विजेवर, एक गाडीच्या बॅटरीवर आणि एक गॅसवर. गॅसवर म्हणजे अक्षरशः खाली ज्योत पेटवायची आणि वर गार व्हायचं. गावात हे कळल्यावर मळ्यात जत्रा भरली. "आग लावली की गार व्हतो? मग चुलीत बर्फ जमला पायजे राव!" मी पदर खोचून सगळ्यांना समजावलं. आचेनं आतल्या अमोनियाची वाफ होते, वर चढते, वर निवते, आणि मग नळ्यांतून आपल्या वजनानं खाली उतरत येताना गारवा करते. मोटर नाही, पंप नाही. मामंजींना ते एका वाक्यात कळलं. "म्हंजी पाटाचं पानी," ते म्हणाले. परीक्षेत इतकं चांगलं उत्तर मला कधी सुचलं नव्हतं.

विकणाऱ्यानं जाता जाता एक गोष्ट बजावली होती, "इसको सीधा रखना." आम्ही सीधा म्हणजे उभा समजलो. येताना तो आडवा पडू नये म्हणून मामंजींनी त्याला नवरदेवासारखा धरून आणला, आणि टेम्पोत उभा करून दोरखंडानं बांधला. धूर जायला टपाला भोक पाडून पत्र्याची टोपी बसवली. ज्योत पेटवली, निळी, सुरेख. मी मंचरच्या माझ्या कॉलेजातल्या बाईंकडून प्रयोगशाळेतला थर्मामीटर मागून आणला होता, तो आत ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आतही तेवढंच, बाहेरही तेवढंच.

तीन दिवस आम्ही त्या फ्रीजची सेवा केली. बर्नर साफ केला, सिलिंडर बदलला, मागच्या नळ्यांवर हात ठेवून पाहिला. मामंजी म्हणायचे, "पाठ तापतीया, पोट काय गार व्हईना." तिसऱ्या संध्याकाळी आत्याबाई टेम्पोच्या दाराशी आल्या, आम्हा दोघांची काळी बोटं पाहिली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. माझं काय अडलंय तिकडं?" मामंजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. आपलं काही अडत नाही असं ज्या बाईनं सहा वर्षं स्वतःला समजावलं, तिनं आता आमचीही समजूत काढायला घेतली होती.

इथे आमच्या अंगणातल्या एका वस्तूची ओळख करून द्यायला हवी. तिचं नाव सेल्फ. गाडी किल्लीनं सुरू करायचं जे यंत्र असतं त्याला सगळे सेल्फ म्हणतात. आमच्या टेम्पोचा तो कैक वर्षांपूर्वीच बिघडला होता. मामंजींनी तो दुरुस्त करण्याऐवजी अंगणात दगड-मुरमाचा एक छानसा उतार बांधून घेतला. टेम्पो नाक खाली करून त्यावर लावायचा, सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा, झाली सुरू. घरात त्या उतारालाच सेल्फ म्हणायचे. "गाडी सेल्फला लाव," म्हणजे उतारावर लाव. मामंजी कुठेही गेले तरी आधी उतार शोधायचे. लग्नघरी, बाजारात, दवाखान्यात, त्यांची गाडी नेहमी निघायच्या तयारीत, नाक खाली. अर्थात आमचा फ्रीजही तीन दिवस सेल्फवरच उभा होता, आणि घरातल्या दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

तो पडला चौथ्या दिवशी, सकाळी, तव्यावर. आत्याबाईंनी ओट्याची शेगडी तरी चालते का बघू म्हणून टेम्पोतच ज्वारीची धिरडी घातली. फ्रीज गेला तर गेला, शेगडी कशाला वाया घालवायची, हा त्यांचा हिशोब. पहिलं धिरडं माझ्या ताटात आलं ते एका बाजूला पापडासारखं आणि दुसऱ्या बाजूला भाकरीएवढं जाड. मी हसले. त्यांना राग आला. जन्मात त्यांचं धिरडं कधी वाकडं झालं नव्हतं.

"माझ्या हाताला नाव नगं ठिवू. पीठ येका अंगाला पळतंय. तुझ्या मामंजींची गाडीच वाकडी हाय."

माझा घास हातात राहिला. पीठ एका अंगाला पळतंय. पाटाचं पाणी, तेही वाकड्या गाडीत असंच भलतीकडे पळणार. सीधा रखना. मी ताट तसंच ठेवून ओरडत बाहेर धावले, "मामंजी, सीधा म्हणजे सपाट! सपाट!"

मामंजींनी सामानाच्या खोलीतून पाणसळ आणली. हौद बांधताना गवंड्यानं वापरली होती ती, लाकडाची, काचेच्या नळीत पाण्याचा बुडबुडा. फ्रीजवर ठेवली तर बुडबुडा पार कोपऱ्यात जाऊन बसलेला. मामंजींनी बोटानं नळीवर टिचकी मारून पाहिली. मग म्हणाले, "उभा जल्म पाटाला ढाळ दिला, आन् हितं ढाळच आडवा आला." टेम्पो खळ्यावर नेला, चाकांखाली चपटे दगड सारले, बुडबुडा मधोमध आणला. दुसऱ्या सकाळी थर्मामीटर पाच अंशांवर होता. मामंजींनी खात्री करायला दार उघडलं. मग पुन्हा खात्री करायला उघडलं. तिसऱ्यांदा आत्याबाई ओरडल्या तेव्हा थांबले.

तेवढ्यात सेल्फही दुरुस्त करून घेतला, यंत्रातला. बॅटरी जुनीच ठेवली. ती पुढच्या महिन्यात बघू, असं ठरलं. वेड्यासारखी घाई झाली होती आम्हाला.

निघालो आम्ही तिघं. आमचे हे मळ्याला आणि गुरांना घरी. कुठे जायचं यावर आत्याबाईंची एकच अट होती, फार लांब नको पण आपलं नको. मामंजींनी घाटघर काढलं, जुन्नरच्या पार पश्चिमेला, नाणेघाटाच्या अलीकडे. वाटेत फ्रीज बॅटरीवर चालवायचा, पोचलो की कळ गॅसवर फिरवायची, हे काम माझ्याकडे. मी बी.एस्सी. ना.

पोचलो दुपार कलताना, आणि मग सुरू झाली सपाट जागेची शोधाशोध. डोंगराचा मुलूख, नजर जाईल तिथे चढ नाहीतर उतार. त्यात मामंजींचे डोळे वर्षानुवर्षांच्या सवयीनं नेमके उतारावर जायचे. "हितं झकास हाय," म्हणून ते गाडी थांबवायचे, आणि मागून आत्याबाई मांडीवरची पाणसळ गाडीच्या फळीवर टेकवून म्हणायच्या, "बुडबुडा पळाला. व्हा म्होरं." असा अधिकार त्यांनी घरात कधी गाजवलेला मी पाहिला नव्हता. पाचव्या की सहाव्या जागी इंजिन बंद करून आम्ही खाली उतरलो, पायी फिरून बघू लागलो. बराच वेळ गेला. शेवटी गुरं घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला. कोळ्याचा बुधाजी, तिथलाच भातशेतीवाला.

"पावणं, काय हारवलं?"

"सपाट जागा हुडकतोय," मामंजी म्हणाले.

बुधाजी मोठ्यानं हसला. "आन् ती रानात हुडकताय व्हय? खाचरात लावा की माझ्या. भाताच्या आवनीच्या वक्ताला पानी कोंडून सपाट केल्यात. येका बोटाचा फरक निगाला तर सांगा."

चारी बाजूंनी बांध घातलेलं ते भाताचं खाचर उन्हाळ्यात कोरडं ठणठणीत पडलं होतं. बुधाजीनं एका कडेचा बांध फोडून वाट करून दिली. मामंजींनी सवयीनं ब्रेक सोडून टेम्पो उतारावरून घरंगळवतच आत घातला, आत्याबाईंनी पाणसळ ठेवली, आणि बुडबुडा जरासुद्धा हलला नाही. पावसाळ्यात पाणी उभं राहावं म्हणून कुणी पिढ्यान्‌पिढ्या माती सारखी केली होती, आणि तिचा उपयोग आत्याबाईंच्या औषधाला झाला. मला तेव्हा फार भरून आलं होतं, हे आज सांगायला हरकत नाही.

त्या भरात एक गोष्ट राहिली. कळ. गाडी बंद करून आम्ही जागा शोधत हिंडत होतो तेवढा सगळा वेळ फ्रीज बॅटरीवरच चालू होता. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी ती गुपचूप गॅसवर फिरवली, ज्योत पेटवली, आणि कुणाला काही बोलले नाही. संध्याकाळची सुई झाली. खिडक्या उघड्या ठेवून फ्रीज आपल्या कामात राहिला आणि आम्ही खाचरातच गोधड्या टाकल्या.

पहाटे मला जाग आली तेव्हा आत्याबाई उठून बांधावर बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर हात. पूर्वेकडे तांबडं फुटत होतं. जीवधनचा कडा आधी उजळला, मग समोरचं रान, मग त्यांचं तोंड. सूर्य वर आला तसं त्यांनी डोळ्यांवर हात धरला, दिशा जोखली आणि खुदकन हसल्या. "आवं, बघितलं का? ह्यो तर आपल्या बोरीकडनंच आलाय. आपल्या मागनं निगाला वाटतं." मामंजी गोधडीतून म्हणाले, "त्याला बी सेल्फ न्हाई, लवकर निगावं लागतं."

आत्याबाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी एका डॉक्टरीणबाईंशी बोलताना मी हा सगळा किस्सा सांगितला. त्या म्हणाल्या, "एका रात्रीसाठी एवढा खटाटोप? ओल्या मातीच्या मडक्यातसुद्धा भागलं असतं." असेल. पण आत्याबाईंच्या मनातलं ते श्रीखंडाचं पातेलं मडक्यानं हललं नसतं. मामंजी तेव्हा होते, पण त्यांना मी हे सांगितलं नाही. मुलालाही आत्ता नाही सांगितलं. त्याचा फ्रीज कशाही गाडीत, कशाही उतारावर गार राहणार आहे. चांगलं आहे. मला फक्त वाटतं की त्यानं एकदा खाली उतरून, पायी फिरून, कुणाला तरी विचारून जागा शोधावी.

त्या सकाळी सुई झाली. बाटली तळव्यांत घोळवून तिचा गारठा घालवायची आत्याबाईंची पद्धत होती, तशी त्यांनी ती घोळवली. धिरडी घातली, चारी बाजूंनी सारखी. मामंजींच्या ताटात पहिलं वाढताना मुद्दाम उलटंपालटं करून दाखवलं. मग सवयीनं आवराआवर सुरू केली. गोधड्यांच्या घड्या, डबे, तवा. संध्याकाळच्या सुईआधी घर. मामंजींनी किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक. तेवढाच आवाज.

मी खाली मान घालून सांगून टाकलं. "मामंजी, काल कळ फिरवायची विसरले मी. बॅटरी फ्रीजनं खाल्ली."

ते रागावले नाहीत. त्यांनी सवयीनं उतार शोधायला मान वळवली. पुढे सपाट, मागे सपाट, चारी बाजूंना बांध. बुधाजी आला, त्यानंही टिक ऐकलं. धक्का मारायला माणसं नव्हती. "समदी हिरडा गोळा कराया डोंगरात गेल्यात. माजं बैल बी जावयाकडं हायेत, ते बी उद्याच येत्याल," तो ओशाळून म्हणाला. मामंजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. मामंजींच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच भीती दिसली. बायकोला आपण घराबाहेर काढलं आणि अडकवलं, ही.

आत्याबाईंनी गोधडीची घडी हातातच धरली होती. "गॅस किती हाय?" त्यांनी विचारलं.

"दोन दिस आरामात," मामंजी म्हणाले.

"आन् बाटली?"

मी दार उघडून थर्मामीटर पाहिला. "गार आहे, आत्याबाई. पाच."

त्यांनी क्षणभर हिशोब केला, दोनदा केला असावा. मग ती घडी उलगडून पुन्हा खाचरात पसरली, वर बसल्या, पाय लांब केले आणि पायातली जोडवी नीट करत म्हणाल्या, "मंग उद्याबी हितंच उजाडंल की!"